वहीतले गोल

सभागृहात लाल बटण बसवलं त्या दिवशी अध्यक्षांनी ते माझ्या टेबलावर सरकवलं आणि म्हणाले, "बाई, माझी सवय तुमच्याइतकी माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. हे तुमच्याकडेच बरं."

सगळे हसले. मीही हसले. बावीस वर्षं नोकरी झाली की साहेब हसल्यावर आपण हसतो, त्यात विनोद शोधत बसत नाही.

मी नगरपालिकेची लघुलेखिका. सभेत कोण काय बोललं ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि नंतर त्याचं स्वच्छ इतिवृत्त टाइप करायचं, हे माझं काम. स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, ते ज्याच्या त्याच्या काळावर असतं. या आधीच्या अध्यक्षांना एखादं बोलणं नको असलं की ते खोकायचे. ते गेले, हे आले, यांनी चष्मा आणला. एखादा सदस्य अडचणीचं बोलायला लागला की हे शांतपणे चष्मा काढून टेबलावर ठेवतात. चष्मा टेबलावर, माझं पेन वर. चष्मा नाकावर, पेन खाली. हे मला कोणी लेखी दिलेलं नाही, आणि मी कधी मागितलंही नाही.

पेन वर गेलं तरी माझा हात काही स्वस्थ बसत नाही. जिथं थांबले तिथं मी वहीत एक लहानसा गोल काढते. टाइप करताना कळावं की इथं शिवण घालायची आहे, मागचं वाक्य पुढच्याला बेमालूम जोडायचं आहे. बावीस वर्षांच्या वह्या माझ्या कपाटात आहेत आणि त्यांत असे किती गोल आहेत, ते मी कधी मोजलं नाही. मोजवलं नाही, असं म्हणा.

सभेचं थेट प्रक्षेपण करा, लोकांना घरबसल्या बघू द्या, असं आमच्या डॉक्टरीणबाई तीन वर्षं कंठशोष करून सांगत होत्या. त्या खालच्या वस्तीत दवाखाना चालवतात आणि तिथूनच निवडून आल्या आहेत. त्यांची मागणी आली की चष्मा निघायचा आणि माझ्या वहीत गोल पडायचा. मग तीन आठवड्यांपूर्वी खालच्या वस्तीत नळाला घाण पाणी आलं. शंभरावर माणसं आजारी पडली आणि एक शिंपीणबाई गेल्या. लोक पालिकेच्या फाटकावर येऊन बसले ते उठेनात. तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं, "पुढची सभा तुमच्या डोळ्यांसमोर! एक शब्द लपणार नाही!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बटण आलं.

बटणाचं कारण कागदावर फार सभ्य होतं. कोणी अपशब्द बोललं, कोणाची खासगी माहिती निघाली, तर तेवढा आवाज बंद करता यावा. एकदा दाबलं की माइक बंद, पुन्हा दाबलं की सुरू. चित्र मात्र चालूच. सभागृहातले स्पीकर आणि लोकांच्या फोनवर जाणारा आवाज, दोन्हींची तार त्या बटणातून गेलेली. कॅमेरेवाल्यानं मला ते दोनदा समजावून सांगितलं. जन्मभर लग्नांचं शूटिंग केलेला टकल्या माणूस, त्यानं विचारलं, "पण दाबायचं कधी ते तुम्हाला कोण सांगणार?"

"कळतं मला," मी म्हटलं.

आणि त्या पहिल्या थेट सभेचा पहिलाच विषय होता माझा भाऊ.

तो पालिकेत चावीवाला आहे. कुठल्या वस्तीला कधी पाणी सोडायचं, कुठली वाहिनी कधी बंद करायची, त्या जमिनीतल्या झडपांच्या लांब चाव्या त्याच्या खांद्यावर असतात. गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही, चावीवालाच म्हणतात. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं मी केलं. पाटीवर हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तीही मीच.

पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरसाहेबांनी अहवाल दिला होता की नाल्याजवळची जुनी वाहिनी फुटलेली आहे हे चावीवाल्याला माहीत होतं, त्यानं कधी कोणाला कळवलं नाही आणि आपल्या मनानं त्यातून पाणी सोडलं. म्हणून बडतर्फ करावं. सगळं खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटलं की बाकीच्यांची डोकी शाबूत राहतात.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. तीन आठवड्यांत त्याचे गाल बसले होते. लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारत होते आणि काही थुंकतही होते. पण त्या दुपारी तो जरा बऱ्या मनानं आला होता.

"ताई, मला आठवलं," तो म्हणाला. "चार महिन्यांपूर्वी सभेत मला बोलावलं होतं बघ, पाण्याच्या दाबाचं काही विचारायला. तेव्हा मी सांगितलं होतं की. भर सभेत सांगितलं होतं."

"हो," मी म्हटलं.

"मग तुझ्या वहीत असेलच ना? तू तर माणसं शिंकली तरी लिहून घेतेस."

मी चहाचं आधण बघत उभी राहिले. त्याला विसरायला झालं होतं, मला नव्हतं. त्या सभेत तो दाराजवळच्या माइकसमोर उभा होता आणि विचारलेलं सोडून भलतंच बोलायला लागला होता. नव्या टाकीचं उद्घाटन आठवड्यावर आलेलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. आणि मी, माझ्या सख्ख्या भावाचं बोलणं चाललेलं असताना, पेन उचललं. मान वर करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोल काढला आणि चष्मा नाकावर जायची वाट बघत बसले.

"ताई, असेल ना?"

"बघते," मी म्हटलं. "वही ऑफिसात आहे."

"उद्या तेवढं वाच म्हणजे झालं. मी नुसतं उभा राहतो आणि म्हणतो, वही बघा." तो हसला. "इंजिनिअरसाहेबांची बोलतीच बंद होईल."

त्यानं दोन कप चहा प्यायला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला आणि गेला. मला तेव्हा सांगता आलं असतं. दार उघडं होतं, तो चपला घालत होता, मी उंबऱ्यात उभी होते. मी नुसतं 'सांभाळून जा' म्हटलं. भ्याडपणाला मी आजवर बरीच चांगली नावं दिली, शिस्त म्हटलं, नोकरी म्हटलं. पण तो भ्याडपणाच होता.

दुसऱ्या दिवशी अकराला सभा सुरू झाली. अध्यक्ष मधोमध, त्यांच्या डाव्या हाताला मी, माझ्यासमोर वही आणि वहीशेजारी बटण. समोर दोन ओळींत सदस्य, आणि पार टोकाला, दाराजवळ, बोलवून घेतलेल्या माणसांसाठी उभा माइक. फाटकाबाहेर लोक फोनला डोळे लावून उभे होते. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे अध्यक्ष इथं "नमस्कार" म्हणाले की तोच नमस्कार क्षणभरानं बाहेरच्या पन्नास फोनमधून पुन्हा ऐकू यायचा. अध्यक्षांना ते फार आवडलेलं दिसलं. त्यांनी दोनदा नमस्कार केला.

इंजिनिअरसाहेबांनी अहवाल वाचला. मग माझ्या भावाला बोलावलं. त्यानं धुतलेला सदरा घातला होता आणि हात पाठीमागे बांधले होते, शाळेत उभा राहायचा तसे. माइक त्याच्या उंचीला खाली होता. तो वाकला.

"साहेब, कळवलं नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. चार महिन्यांपूर्वी मी इथंच, याच सभेत—"

अध्यक्षांनी चष्मा काढला.

मला शपथेवर विचारा, मी ठरवून काही केलं नाही. मी भावाकडे बघत होते. पण चष्म्याची काडी टेबलाच्या काचेवर वाजली, तो एवढासा टक् आवाज झाला, आणि माझ्या उजव्या हातातलं पेन वर गेलं आणि डाव्या हाताचं बोट खाली. बटणाचा दिवा लाल झाला. मला तो दिसला, पण तो मी लावलाय हे कळायला मला वेळ लागला. गरम तव्याला हात लागल्यावर तो आपोआप मागे येतो ना, तसंच ते झालं होतं. बावीस वर्षांत हात असे तयार झाले होते की त्यांना माझी गरजच उरली नव्हती.

स्पीकर मुके झाले. भावाला ते उमगलं नाही. तो बोलतच होता, ओठ हलत होते, मध्येच त्यानं छातीवर हात ठेवला. बाहेरून आरडाओरडा सुरू झाला, "आवाज! आवाज गेला!" डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, त्यांच्यावर दुसरे चारजण ओरडले, कोणीतरी टेबल बडवलं. त्या गदारोळात भावाचा एक शब्द माझ्यापर्यंत पोचेना. कॅमेरेवाला कॅमेऱ्यामागून मान काढून माझ्याकडे बघत होता. मग मी माझ्या बोटाकडे पाहिलं.

मी बटण पुन्हा दाबलं. स्पीकर खरखरले.

"...एवढंच म्हणणं आहे," भावाचा आवाज एकदम मोठा झाला. "आणि मी खोटं बोलत असेन तर वही बघा. समोर बसली आहे ती माझी बहीण आहे. तिनं लिहिलेलं आहे."

अध्यक्षांनी चष्मा उचलून सावकाश नाकावर चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्यांचा राग परवडला असता.

"थोडी तांत्रिक अडचण झाली, ती बाई बघतीलच," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "आता चावीवाले म्हणतात की वही बघा. छान! यासाठीच तर आपण हे प्रक्षेपण सुरू केलं. बाई, चार महिन्यांपूर्वीच्या सभेची वही आणलीत ना? मग सगळ्यांसमोर सांगा. असं काही बोलल्याची नोंद आहे का? हो की नाही, एवढंच."

ते मला ओळखून होते. नोंद नव्हतीच. मी "नाही" म्हणाले असते तर ते अक्षरशः खरं होतं. माझी नोकरी, माझं निवृत्तिवेतन, बावीस वर्षांचा सरळ चेहरा, सगळं त्या एका खऱ्या शब्दात सुरक्षित होतं. आणि भाऊ त्याच शब्दानं बुडत होता.

हाताखाली आणून ठेवलेली ती जुनी वही मी उघडली. पान मला शोधावं लागलं नाही, तिथं मी केव्हाच खुणेचा कागद घालून ठेवला होता. आणखी एक वाट होती, तीही माझ्या मनात येऊन गेली. माझी लघुलिपी त्या खोलीत दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हती. मी त्या पानावर बोट ठेवून भावाचं सगळं बोलणं खडाखडा म्हणून दाखवलं असतं तर कोण हरकत घेणार होतं? शब्द तर मला पाठच होते. पण म्हणजे पुन्हा वहीत नसलेलं आहे म्हणून सांगायचं. नको असलेलं गाळायलाही मी आणि हवं ते घुसडायलाही मीच? मला माझीच किळस आली.

दाराजवळ भाऊ मान पुढे करून उभा होता, निकालाच्या दिवशी उभा राहायचा तसा. मला म्हणायचं होतं, मला माफ कर रे. पण ते सभेचं काम नव्हतं.

"नोंद नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. उतरला कसला, कोसळलाच. अध्यक्ष पुढच्या विषयाचा कागद उचलायला लागले होते.

"नोंद नाही," मी पुन्हा म्हटलं, "इथं एक गोल आहे."

मी उठले. एक हात टेबलाला धरला आणि दुसऱ्या हातानं वही उघडी करून कॅमेऱ्यासमोर धरली. "अहो, जरा जवळून दाखवा," मी कॅमेरेवाल्याला म्हटलं. भला माणूस, एका शब्दानं न विचारता पुढे आला.

"ही लघुलिपी आहे, ही तुम्हाला वाचता येणार नाही. पण गोल सगळ्यांना दिसतो. हा इथं. या पानावर आणखी एक आहे, हा खाली. गोल म्हणजे तिथं कोणीतरी काहीतरी बोलत होतं आणि मी लिहायचं थांबवलं. अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढून ठेवला की मी थांबते. नऊ वर्षं झाली. मघाशी आवाज गेला ती तांत्रिक अडचण नव्हती. साहेबांनी चष्मा काढला आणि मी बटण दाबलं."

बाहेर फोनमधून माझा आवाज माझ्यामागून क्षणभरानं येत होता, "मी बटण दाबलं."

"बाई, खाली बसा," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा हात चष्म्यापर्यंत गेला. काडीला बोटं लागली आणि हात तिथंच राहिला. सगळं सभागृह त्या हाताकडे बघत होतं, कॅमेराही तिकडेच वळला होता. त्यांनी कान खाजवल्यासारखं केलं आणि हात खाली घेतला.

"या गोलाच्या जागी तो काय बोलला होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आठवतं तुम्हाला?"

आठवतं? चार महिने मी ते शब्द घेऊन फिरत होते. नळाखाली भांडं धरलं की आठवायचे.

"तो म्हणाला होता, 'साहेब, दाबाचं नंतर. नाल्याजवळची जुनी लाइन फुटली आहे. पाणी बंद केलं की ती नाल्यातली घाण आत ओढते आणि सोडलं की तीच घाण नळाला जाते. ती लाइन बंद करा आणि खालच्या वस्तीला टँकर द्या. मी दोनदा इंजिनिअरसाहेबांना बोललो, ते म्हणाले उद्घाटन होऊ दे. मला ती चावी फिरवायला सांगू नका.' मग साहेबांनी चष्मा घातला आणि म्हणाले, पुढचा विषय. तिथून पुढे माझं लिखाण आहे. 'पुढचा विषय' असं लिहिलेलं आहे."

इंजिनिअरसाहेब उठून काहीतरी सांगायला लागले, पण बाहेरचा गलका आता इतका वाढला होता की माइक असूनही त्यांचं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं. मी बटण माझ्यापासून दूर, टेबलाच्या पार टोकाला सरकवलं आणि बसले. मग पेन घेतलं आणि इंजिनिअरसाहेब काय म्हणतात ते उतरवायला लागले. दुसरं काय करणार? तेवढंच मला येतं.

बडतर्फीचा विषय मागे ठेवला गेला आणि बाहेरच्या अधिकाऱ्याकडून चौकशी करायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या सगळ्या वह्या कपाटासकट मोहोरबंद करून घेतल्या. मला उद्यापासून कामावर येऊ नका, असं सांगण्यात आलं. फक्त आजचं इतिवृत्त तेवढं देऊन जा, कारण आजच्या वहीतली लघुलिपी दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. भाऊ सभा संपायच्या आतच निघून गेला होता. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि तो कोणाचाही हात न धरता निघून गेला, असं शिपाई सांगत होता.

तीन वाजता मी माझ्या खोलीत टाइप करत बसले होते. दार वाजलं नाही, पण कोणीतरी उभं आहे असं वाटलं. तो होता. आत आला, खुर्ची असून बसला नाही.

"तू तेव्हा लिहिलं असतंस तर," तो म्हणाला.

"हो."

"इंजिनिअरला उत्तर द्यावं लागलं असतं. लाइन बंद झाली असती. शिंपीणबाई..."

"हो," मी म्हटलं. माझ्या अंगावर होतं ते झंपरही त्या शिंपीणबाईंच्याच हातचं होतं.

तो माझ्या मागे येऊन टाइप केलेले कागद वाचायला लागला. एका ठिकाणी त्यानं बोट ठेवलं. मी तिथं लिहिलं होतं, 'यावेळी लघुलेखिकेने आवाज बंद केल्याने चावीवाला यांचे बोलणे नोंदवता आले नाही.'

"इथं मी काय बोललो, ते ऐकलंस तू?"

"नाही. गोंधळ होता."

"कोणीच ऐकलं नाही?"

"कोणीच नाही. फोनवरही गेलं नाही."

तो दुसऱ्या बाजूला आला आणि आता मात्र खुर्चीत बसला. "मग लिहून घे."

मी वही पुढे ओढली, नवं पान काढलं. तो सावकाश सांगायला लागला, मला उतरवायला वेळ मिळावा म्हणून एकेक वाक्य थांबत थांबत.

"त्या दिवशी सकाळी मी नाल्याजवळची चावी फिरवायला गेलो. शिंपीणबाई दारात कळशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, दादा, आज पाण्याला वास येतोय, प्यायचं ना? मला माहीत होतं. इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं होतं, लोकांना घाबरवू नकोस. मी म्हटलं..."

तो थांबला. माझं पेन कागदावरच होतं.

"नको लिहायला हे," मी म्हटलं. "अरे, आत्ता कुठे सुटतो आहेस. हे कागदावर आलं की सगळं पुन्हा तुझ्यावर येईल. कोणी ऐकलेलं नाही."

"मी सभेत बोललो होतो की नाही?"

"बोललास."

"मग?"

माझ्या बोटांना सगळं ओळखीचं वाटत होतं. पेन उचलायचं, एक गोल काढायचा, वाट बघायची. यावेळी तर आपल्याच माणसासाठी. मी वर पाहिलं. तो सातव्या वर्षी पाटी पुढे करून बसायचा, तसा बसला होता.

"सांग," मी म्हटलं.

"मी म्हटलं, प्या, काही होत नाही."

मी ते लिहिलं. मग त्यानं वाचून दाखवायला सांगितलं आणि मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवलं.